एका वाक्याचा निरोप

ज्या वर्षी कोबिना एसिल्फीच्या धाकट्या मुलीचं, अबाचं, लग्न ठरता ठरता राहिलं आणि मग एकदाचं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न राहण्याचं कारण कोबिना स्वतःच होता. टाकोराडीहून मुलाकडची माणसं रीतीप्रमाणे दार ठोठावायला आली, बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, तुमच्या बागेत एक फूल पाहिलंय, ते मागायला आलोय. कोबिनानं उत्तर द्यायला सुरुवात केली. आधी बाग, मग पाऊस, मग ती जमीन आजोबांनी कशी साफ केली आणि त्यांना तिथं साप कसा चावला. साप मेला की आजोबा, इथपर्यंत येता येता दिवस कलला. मुलाकडचे उठले, नकार मिळाला असं समजले आणि टाकोराडीला परत गेले. अबा आतल्या खोलीत नवं कापड नेसून बसली होती. शेवटी कोबिनाची बायको आराबा स्वतः टाकोराडीला गेली आणि 'हो' एवढंच सांगून दुसऱ्या गाडीनं परत आली.

कोबिना मुळात वाईट माणूस नव्हता. उभं आयुष्य त्यानं केप कोस्टच्या तार ऑफिसात घालवलं. तिथं एकेक शब्द मोजून पाठवावा लागे. लोक 'आई गेली या' असं तीन शब्दांत आटपायचे. माणसानं दिवसभर इतके शब्द वाचवले की ते कुठंतरी साठणारच. कोबिना ते घरी आणायचा. निवृत्त झाल्यावर तर सगळा साठा बाहेर काढायला त्याला भरपूर वेळ मिळाला.

पण केप कोस्टात बोलणं लांबलं म्हणून कुणी कुणाला नावं ठेवत नाही. एकदम मुद्द्यावर येणाऱ्या माणसाला आमच्याकडं अडाणी समजतात. म्हणून कोबिनाचं बरं चाललं होतं, ते चर्चच्या गायक मंडळींच्या बैठकीपर्यंत. कोबिना त्या मंडळाचा चिटणीस. सुगीचा उत्सव जवळ आला होता आणि मंडळाचं हार्मोनियम दुरुस्तीच्या नावाखाली कोबिनाच्या घरी होतं. मॅडम ब्रू म्हणून मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. पांढरी टोपी, हातात पंखा. त्यांनी विचारलं, "ब्रदर कोबिना, हार्मोनियम उत्सवाला वाजेल का?"

प्रश्न साधा होता. उत्तरही साधं होतं: नाही. कोबिनानं हार्मोनियमच्या शेजारी सुक्या मासळीचं पोतं ठेवलं होतं, मासळीसाठी उंदीर आले, आणि मासळी खाऊन झाल्यावर तोंड गोड करावं तसा त्यांनी हार्मोनियमचा भाता खाल्ला. पण कोबिना उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, वाद्याची प्रकृती ही हवेवर असते. आता आपल्याकडची समुद्राची हवा..."

मॅडम ब्रूंनी पंखा मिटला. "ब्रदर कोबिना," त्या म्हणाल्या, "तुम्ही प्रिव्हॅरिकेट करताय."

अर्ध्या लोकांना शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण माहीत नाही असं दिसू नये म्हणून तेही मान हलवून 'हं' म्हणाले. कोबिनालाही माहीत नव्हता. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या, काहीतरी बोलणं भाग होतं. तो किंचित वाकला आणि म्हणाला, "आभारी आहे, मॅडम."

मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं. तो खोकला खोकल्याचा नव्हता, हे कोबिनाला घरी पोचेपर्यंत कळत राहिलं.

आता अडचण अशी, की केप कोस्टात इंग्रजीचा मोठा मान. माणसाच्या पायात चप्पल नसली तरी चालेल, पण कुणी तोंडावर फेकलेला इंग्रजी शब्द त्याला झेलता आला पाहिजे. त्यातून कोबिना तार ऑफिसचा. अर्थ कुणाला सरळ विचारावा, तर आपल्याला येत नाही हे उघडं पडणार. तेव्हा त्यानं ठरवलं, विचारायचं, पण विचारतोय असं दिसू द्यायचं नाही. म्हणजे ताकाला जायचं आणि भांडं पाठीशी धरायचं.

पहिल्यांदा तो शेजारच्या औषधाच्या दुकानात गेला. दुकानदार क्वान्साह सगळ्या विषयांवर सल्ला द्यायचा आणि सल्ल्याबरोबर एक बाटली.

"समजा एखाद्या माणसाला," कोबिना म्हणाला, "कुणी म्हणालं, की तो प्रिव्हॅरिकेट करतो. तर आपण त्या माणसाकडं कसं बघावं?"

क्वान्साहनं चष्मा कपाळावर चढवला. "किती दिवसांपासून करतोय?"

"तसा लहानपणापासून."

"मग आतड्याचं आहे. जुनं दुखणं. ही बाटली सकाळी अनशापोटी घ्यायला सांग त्याला." आणि बाटली देताना हळूच म्हणाला, "कोबिना, लाज धरू नकोस रे. वय झालं की होतं."

ते औषध घेऊन काय झालं ते सांगण्यासारखं नाही. दोन दिवस कोबिना घराबाहेर पडला नाही आणि बराचसा वेळ घरातही बसला नाही.

मग तो ग्रंथालयात गेला. तिथला मोठा शब्दकोश काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कारकून बाईंकडं.

"कोणता शब्द बघायचाय?" बाईंनी विचारलं.

"शब्द असा नाही," कोबिना म्हणाला. "पी या अक्षरावरून एकंदरीत एक नजर टाकावी म्हणतो."

"एकंदरीत नजर टाकायला कपाट उघडता येत नाही, पापा. कारण लिहावं लागतं."

त्यानं कागदावर कारण लिहिलं: 'सर्वसाधारण'. बाईंनी कागद परत केला आणि सर्वसाधारण कारणासाठी दोन प्रतिष्ठितांची शिफारस लागते असं सांगितलं. कोबिना पाद्रीबाबांकडं गेला. पाद्रीबाबांनी साहजिकच विचारलं, शब्दकोश कशाला हवा? कोबिना बोलत राहिला. पाद्रीबाबांना दुपारच्या झोपेची सवय होती. ते जागे झाले तेव्हा कोबिना ज्ञानाच्या तहानेवर आला होता. त्यांनी सही दिली. दुसरी सही औषधवाल्या क्वान्साहनं दिली, आणि शिफारशीत लिहिलं की अर्जदार आजारी असल्यानं त्याला बसायला खुर्ची द्यावी. एवढं सगळं घेऊन कोबिना परत गेला तेव्हा शब्दकोश बांधणीसाठी आक्राला गेला होता.

शेवटी तो कडुनिंबाखाली गेला. तिथं मास्तर टाची सोंगट्या खेळत बसलेले असत. जन्मभर त्यांनी मुलांना लॅटिन शिकवलं होतं, आणि आता मुलं नव्हती म्हणून जो बसेल त्याला शिकवत.

"मास्तर, माझ्या एका ओळखीच्याला..."

"प्रिव्हॅरिकेट," मास्तर सोंगटीवरून नजर न काढता म्हणाले. "मॅडम ब्रू तुला म्हणाल्या. साऱ्या गावाला माहीत आहे. मी वाटच बघत होतो, केव्हा येतोस. तीन आठवडे लावलेस."

कोबिनाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मास्तरांनी समोरच्या दोन सोंगट्या खाल्ल्या आणि सांगायला लागले. "मूळ शब्द रोमन लोकांचा. वाकड्या पायानं चालणं." मग त्यांनी कोबिनाच्या पायांकडं जरा वेळ पाहिलं. कोबिनाचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले होते, त्यांच्यामधून शेळी सहज गेली असती. "रागावू नकोस, शब्द तुझ्याआधीचा आहे. तर असं बघ. खोटं बोलणारा रस्ता सोडून रानात शिरतो. त्याला पकडता येतं. प्रिव्हॅरिकेट करणारा रस्ता सोडत नाही. रस्त्यावरच इकडून तिकडं, तिकडून इकडं चालतो. त्याचा एकही शब्द खोटा नसतो, फक्त तो पोचत नाही."

"म्हणजे खोटं नाही ना?" कोबिनानं आशेनं विचारलं.

"खोटं बोलायला जरा हिंमत लागते," मास्तर म्हणाले. "आणि हा शब्द वापरायची एक रीत आहे. तो माणसाच्या तोंडावर वापरायचा. पाठीमागं बोलायला दुसरे स्वस्त शब्द आहेत, ते तुझ्याबद्दल आम्ही वापरतोच."

घरी येऊन त्यानं आराबाला अर्थ सांगितला. ती केळी सोलत होती. "एवढ्यासाठी तीन आठवडे?" ती म्हणाली. "मला विचारायचंत. शब्द मला येत नव्हता, पण अर्थाबरोबर मी तीस वर्षं संसार केलाय."

त्या दुपारी कोबिनानं ठरवलं, आता सरळ बोलायचं. विचारलं तेवढं सांगायचं आणि थांबायचं. त्यानं मॅडम ब्रूंकडं जाऊन हार्मोनियम उंदरांनी खाल्लं हे सांगितलं. त्या खूष झाल्या, आणि मग भात्याची भरपाई म्हणून त्याला पुढची सगळी वर्षं वाद्य डोक्यावरून वाहून नेण्याचं काम दिलं. त्यानं पाद्रीबाबांना सांगितलं, की रविवारचं प्रवचन लांबलं. मामे याबा, जिच्याकडून तो वर्षानुवर्षं डोकोन, म्हणजे पानात बांधलेला आंबवलेल्या मक्याचा गोळा, घ्यायचा, तिनं विचारलं, "कसं झालंय आज?" त्यानं सांगितलं, "आंबट." मामे याबानं त्याच्या हातातलं पान काढून घेतलं आणि त्या दिवसापासून त्याला डोकोन विकणं बंद केलं. आराबाला दुसऱ्या गल्लीत जावं लागायला लागलं.

पण बोलबाला झाला. कोबिना एसिल्फी सरळ बोलायला लागलाय, असं लोक म्हणू लागले, थोडं हसून आणि थोडं जपून. आणि हे कुळाचे वडील पापा अडू यांच्या कानावर गेलं, नेमकं तेव्हा कोजो बेन्टिलची वेळ आली.

कोजो बेन्टिल हा कोबिनाचा मावसभाऊ. सुतार. कमी बोलणारा आणि एकदा बोलला की न बदलणारा. त्याची सख्खी बहीण एकुआताई मांकेसिमला कापडाचं दुकान चालवायची. दोघांमध्ये बरीच वर्षं अबोला होता. कारण आईच्या अंत्यविधीचं. आलेल्या लोकांपुढं कोजोनं आभार मानले आणि सगळ्यांची नावं घेतली, एकुआचं नाव विसरला. आईला शेवटपर्यंत न्हाऊ घातलेलं तिनं. ती तेव्हाच म्हणाली होती, "कोजो बाटली घेऊन येईल, चूक कबूल करील, तरच मी त्याच्या दारात पाऊल ठेवीन." आमच्याकडं मनधरणीची रीत तशीच आहे: ज्याची चूक, त्यानं श्नॅप्स या दारूची बाटली पाठवायची. समोरच्यानं ती घेतली, जमिनीवर दोन थेंब सांडून पूर्वजांना दिली आणि स्वतः घोट घेतला, की भांडण मिटलं. मग ते कुणी उकरून काढायचं नाही. पण कोजोनं कधी बाटली पाठवली नाही. त्याचं म्हणणं, विसरणं ही चूक नव्हे, विसरणं हे विसरणं.

शुक्रवारी पहाटे कोजो गेला आणि सकाळी पापा अडूंनी कोबिनाला बोलावलं. उद्या माती द्यायची होती, तेव्हा एकुआला आजच आणायला हवं होतं. पण नुसतं आणायचं नव्हतं. "तिला तिच्या घरात, तिच्या माणसांत, बसलेल्या जागी कळलं पाहिजे," पापा अडू म्हणाले. "त्यांच्यात अबोला होता. रस्त्यात कळलं किंवा दारात येऊन प्रेत बघितलं, तर ती बाई आयुष्यभर सावरायची नाही. ही बाटली घे. कुळाकडून निरोप म्हणून ठेव आणि सांग. तू हल्ली सरळ बोलतोस ना?"

"होय," कोबिना म्हणाला. त्या एका शब्दाचा त्याला अभिमान वाटला.

आराबानं त्याला बजावलं, "पाणी प्याल, मग ग्लास खाली ठेवाल, आणि लगेच सांगाल. ग्लास हातात असेपर्यंत बोलू नका, नाहीतर ग्लासावर बोलत बसाल." क्वान्साहनं हुशारीची एक बाटली दिली, कुणाला चक्कर आलीच तर. मास्तर टाचींनी सांगितलं, कर्ता आणि क्रियापद, तिसरं काही नको.

लॉरीच्या लाकडी बाकावर बसून कोबिना घोकत होता, 'ताई, कोजो आज पहाटे वारला. ताई, कोजो आज पहाटे वारला.' शेजारी गोगलगायींची टोपली घेऊन एक बाई बसली होती. तिनं ऐकलं.

"कोण वारलं, पापा?"

"कुणी नाही तसं," कोबिना पटकन म्हणाला.

बाईनं टोपली जरा पलीकडं सरकवली. कोबिनानं समुद्राकडं पाहिलं. त्याला वाटलं, ती परकी, तिला कशाला सांगायचं.

एकुआताईच्या अंगणात पोचला तेव्हा ती दुकानातून जेवायला घरी आली होती. जाडजूड, ठसठशीत, कमरेला कापड घट्ट. "अरे, कोबिना," ती म्हणाली. "वाट चुकलास की काय?" तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. दोन्ही मुलगे, सुना येऊन बसल्या. रीतीप्रमाणे मोठ्या मुलानं विचारलं, इकडं सगळं शांत आहे, तुमच्या येण्याचं कारण?

रीतीप्रमाणेच उत्तर द्यायचं असतं: आमच्याकडंही सगळं शांत आहे, वाईट काही घेऊन आलो नाही. घरात आग लागली असली तरी पहिलं वाक्य हेच. कोबिनानं ते म्हटलं. ग्लास खाली ठेवला. तोंड उघडलं. एकुआताईचे डोळे त्याच्यावर होते, आणि ते डोळे थेट कोजोसारखे होते.

"कोजोचं..." तो म्हणाला आणि थांबला.

त्या थांबण्यात त्याच्या अंगावरच्या कापडाचा पदर घसरला आणि काखेतली हिरवी बाटली दिसली.

एकुआताई उठून उभी राहिली. "ही बाटली," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बारीक झाला. "कोजोच्या घरून आलीय?"

"घरूनच निघाली तशी," कोबिना म्हणाला. हे खरं होतं. पापा अडू तेव्हा कोजोच्याच ओट्यावर बसले होते.

"माझ्यासाठी?"

"तुझ्याचसाठी, ताई." हेही खरं होतं.

मग त्या जाडजूड बाईनं कापडाच्या टोकात तोंड लपवलं आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली. "शेवटी पाठवली," ती म्हणत होती. "मेला दगड, शेवटी पाठवली."

माणसाच्या आयुष्यात अशी एक घडी येते, की तेव्हा एक वाक्य बोलायला जेवढा श्वास लागतो तेवढा त्याच्या छातीत असतो. कोबिनाच्या छातीत होता. त्यानं तो सोडून दिला. आधी तिला डोळे पुसू दे, असं त्यानं मनाशी म्हटलं. तिनं डोळे पुसले आणि बाटली उघडली.

मोठ्या मुलानं दोन थेंब जमिनीवर सांडले, आईवडिलांची, आजीआजोबांची नावं घेतली, बहीणभावाचं मन एक झालं असं म्हटलं. सगळे 'असंच होवो' म्हणाले. कोबिनाही म्हणाला. एकुआताईनं पेला भरून घेतला, एका दमात संपवला आणि तोंड पुसत त्याच्या शेजारी येऊन बसली.

"काय म्हणाला रे तो?"

"फारसं काही नाही."

"तो कधीच बोलायचा नाही. चेहरा कसा होता?"

"शांत होता."

"आता राग नाही ना त्याच्या मनात?"

"आता कसलाच राग नाही, ताई."

एकही शब्द खोटा नव्हता. कोबिनाला ते ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्याला स्वतःच्या हातांकडंसुद्धा बघवेना.

त्यापुढं ते त्याच्या हातात राहिलं नाही. ताईनं दुकान बंद करायला लावलं. कोजोला खेकडे घातलेलं पामच्या फळांचं कालवण आवडायचं, ते चुलीवर चढलं. ती आत गेली आणि शुभ्र पांढरं कापड नेसून, गळ्यात मणी घालून बाहेर आली. आमच्याकडं आनंदाला पांढरं आणि मरणाला लाल-काळं. "कशी दिसते?" तिनं विचारलं. कोबिना म्हणाला, "छान." बाजारातल्या बायका गोळा झाल्या. मांकेसिममध्ये बाटलीची बातमी मिरचीच्या धुरासारखी पसरली. लॉरी ठरली. बायका गात गात चढल्या. कोबिना दोनदा बोलायला पुढं झाला. पहिल्यांदा सुनेनं त्याच्या हातात लाकडी चमचा दिला आणि चव बघायला सांगितलं. दुसऱ्यांदा ताईनंच त्याचा हात धरला आणि म्हणाली, "कोबिना, लोक तुला काय काय म्हणतात. पण तू भला माणूस आहेस. हे काम दुसऱ्या कुणी केलं नसतं."

कोबिना लॉरीत चढला.

कालवणाचं भांडं सांडू नये म्हणून ते कोबिनाच्या मांडीवर दिलं. ते इतकं तापलं होतं की त्याच्या मांड्या भाजून निघाल्या, पण तो हलला नाही. भाजतंय ते बरंच आहे, असं त्याला वाटत होतं. सॉल्टपाँड गेलं. ताई शेजारी बसून सांगत होती, लहानपणी कोजोनं तिला लाकडाची बाहुली करून दिली, तिला एकच पाय होता, कारण लाकूड संपलं. बायका हसल्या. अनोमाबो गेलं. ताई म्हणाली, "बघ, मी आधी बोलणार नाही. दारात उभी राहीन. त्यालाच म्हणू दे, ये म्हणून." बिरिवाला कोबिनानं लॉरी थांबवायला लावली, खाली उतरला, झुडपामागं गेला, ते वाक्य तीनदा म्हटलं आणि परत येऊन बसला. "म्हातारपण," क्लीनर म्हणाला, आणि बायकांनी गाणं पुढं सुरू केलं.

मग यामोरान्साचा फाटा दिसायला लागला. फाट्यावर माणसांचा एक घोळका केप कोस्टच्या लॉरीची वाट बघत उभा होता. लांबूनच रंग ओळखू येत होते. लाल आणि काळा. पुढं उभी असलेली बाई कोबिनानं उभं राहण्याच्या ढबीवरून ओळखली, ती कोजोची मेहुणी होती. लॉरी थांबली की ती पहिल्यांदा एकुआताईच्या गळ्यात पडणार होती.

"कुणाचं गेलं वाटतं," ताई डोळे बारीक करून म्हणाली. "बिचारे. ड्रायव्हर, त्यांना घे रे. आपल्या आनंदात त्यांनाही सावली होईल."

"थांबव," कोबिना ओरडला. "इथंच थांबव."

लॉरी फाट्याच्या अलीकडं थांबली. कोबिना भांडं घेऊन खाली उतरला आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिला. "ताई, खाली ये." ती उतरली. बायका वर गात होत्या. पांढऱ्या कापडात ती उन्हात उभी राहिली आणि हसत म्हणाली, "आता काय? पुन्हा झुडूप?"

"ताई, कोजो वारला."

वरचं गाणं एकेका आवाजानं थांबत गेलं. लॉरीचं इंजिन तेवढं धडधडत राहिलं. ताई त्याच्याकडं बघत होती, जणू तो अजून बोलायचा थांबलेला नाही, याच्यापुढं अजून काही येणार आहे. आयुष्यभर त्याच्या बोलण्यात पुढं काहीतरी यायचंच.

"कधी?"

"आज पहाटे."

"तू माझ्या अंगणात बसलास तेव्हा..."

"तेव्हा तो गेलेला होता."

"आणि बाटली?"

इथं कोबिनाला एक वाट दिसली. ती चांगली रुंद वाट होती. तो म्हणू शकला असता, की पाठवायचं त्याच्या मनात होतं. कोजोच्या मनात काय होतं ते कुणाला माहीत, हे काही खोटं ठरलं नसतं. ताईनं ते धरून ठेवलं असतं, जन्मभर.

"बाटली कुळाची," तो म्हणाला. "मरणाचा निरोप सांगायला पापा अडूंनी दिली. कोजोनं पाठवली नव्हती. मी तुला तसं वाटू दिलं."

ती खाली रस्त्याच्या कडेला, गवतात बसली. पांढरं कापड मातीत गेलं. कुणी तिला धरायला पुढं आलं नाही. क्वान्साहची हुशारीची बाटली खिशात होती, कोबिनाच्या ते लक्षातही आलं नाही. तो भांडं धरून उभा होता, आणि त्याला खाली ठेवायची परवानगी आहे असं वाटत नव्हतं.

मग ती बोलली, त्याच्याकडं न बघता. "घरी सांगितलं असतंस, तर मी बाटलीला हात लावला नसता. लाल नेसून आले असते, रडले असते, आणि राग घेऊन परत गेले असते. तो माझा राग होता, कोबिना. माझ्या हक्काचा. तू तो मला प्यायला लावलास."

"होय, ताई."

"आता उलटी करून काढता येतो का?"

"नाही, ताई."

"मग मला उठव."

फाट्यावर कोजोची मेहुणी लॉरीत चढली, ताईच्या गळ्यात पडली, आणि ताई तिला थोपटत राहिली. कोबिनाच्या शेजारची जागा मात्र सगळ्या बायकांनी रिकामी ठेवली. गोगलगायींवाल्या बाईनं टोपली जेवढी सरकवली होती, त्याहून जास्त.

केप कोस्टला कोजोच्या ओट्यावर पापा अडू बसले होते. मातीनं माखलेलं पांढरं कापड नेसून, मणी घालून, कालवणाचं भांडं डोक्यावर घेऊन येणाऱ्या एकुआकडं अंगणातली लाल-काळी गर्दी बघतच राहिली. पापा अडूंनी तिला पाहिलं, मग कोबिनाला. "निरोप पोचला का?" त्यांनी विचारलं.

कोबिना उत्तर द्यायला पुढं झाला. ताईनं त्याला हातानं बाजूला केलं. "पोचला," ती म्हणाली, आणि आत गेली. केव्हा पोचला ते पापा अडूंनी विचारलं नाही, पण त्या दिवसानंतर त्यांनी कोबिनाला कुठल्याही निरोपाला पाठवलं नाही. ताईनं भांडं भावाच्या डोक्याशी ठेवलं. कापड बदलायला बायकांनी लाल दिलं, तिनं घेतलं नाही. त्याच पांढऱ्या कापडात ती माती देईपर्यंत बसून राहिली, आणि लोक आपापसात विचारत राहिले, की हिला आनंद कशाचा झालाय. त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायची जबाबदारी ज्याची होती तो भिंतीला टेकून उभा होता, मांड्यांवर फोड घेऊन.

रविवारी चर्चमध्ये मरणाची सूचना वाचायचं काम चिटणीसाचं. कोबिना उभा राहिला तेव्हा लोक बाकांवर ऐसपैस टेकून बसले, मुलांना मांडीवर घेतलं. दुसऱ्या रांगेत एकुआताई होती. तिनं मान वर केली नाही. तो बोलला आणि खाली बसला, तेव्हा पुष्कळ जण अजून टेकतच होते.

"कोजो बेन्टिल, सुतार, एकुआ बेन्टिलचा भाऊ, शुक्रवारी पहाटे वारला."